मातीचा वैमानिक

त्र्यंबकेश्वराकडून जव्हारकडे जाणारा रस्ता डोंगरांना वळसे घालीत मोखाड्यास येतो. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाचा हा सारा मुलूख उंचसखल आणि रानावनाचा. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्या जिल्ह्यात आले. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. आणि तेच पाणी दऱ्याखोऱ्यांतून खाली धावून गेले, की वैशाखात बायकांना एका हंड्यासाठी कोसभर चालावे लागते. नागली, वरई आणि भात ही येथली पिके. दिवाळी सरली, खळी उरकली, की कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाची चाहूल लागता लागता घरी परततात.

अशाच एका घरातला एक मुलगा आश्रमशाळेत सातवीच्या वर्गात शिकत होता. आईबाप भट्टीवर गेले म्हणजे पाड्यावरच्या घरी म्हातारा आजा आणि आठ वर्षांची धाकटी बहीण एवढीच माणसे उरत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगाही घरी आला, आणि चार दिवसांनी आईबाप परतले. बापाच्या खांद्यावर बोचके होते, आणि बोचक्यात, कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेला, एक पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्याचे कोपरे चेपलेले होते. आत मात्र एक लालभडक हेलिकॉप्टर होते.

“भिवंडीच्या बाजारात दिसलं,” बाप म्हणाला. “जपून वापर. पुन्हा आणायला जमायचं नाही.”

हेलिकॉप्टरच का आणले, हे बापाने सांगितले नाही. पण घरात सर्वांना ते ठाऊक होते. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या गावी कोविडची लस ड्रोनने पाठविण्यात आली होती. ३०० मात्रांची पेटी घेऊन ते लहानसे मानवरहित यंत्र आकाशात चढले आणि सुमारे २० किलोमीटरचे अंतर त्याने ९ मिनिटांहून थोड्याच अधिक वेळात तोडले. रस्त्याने गाडीला त्यासाठी चाळीसेक मिनिटे लागली असती. त्या वेळी हा मुलगा अगदी लहान होता. त्याने ते उड्डाण पाहिले नव्हते, केवळ ऐकले होते; परंतु ऐकीव गोष्टीच मनात अधिक खोल रुजतात. या भागात अजूनही काही पाड्यांपर्यंत गाडीचा रस्ता पोहोचलेला नाही. पावसाळ्यात कोणी आजारी पडले, की बांबूला चादरीची झोळी बांधून, माणसाला त्या डोलीत निजवून, चिखलातून सडकेपर्यंत न्यावे लागते. त्याच्या आज्याने तरुणपणी अशा कितीतरी डोल्या वाहिल्या होत्या. “मोठेपणी मी औषधं उडवीत नेणार,” असे मुलगा लहानपणापासून म्हणत असे, आणि लोक हसत असत. बापही हसे, पण त्याने ते लक्षात ठेवले होते.

खोक्यात माहितीचा कागद होता, तो परक्या लिपीत. त्यातील चित्रांवरून मुलाने बॅटरी भारण्याची तार ओळखली. गावात विजेचा लपंडाव चाललेला. पाऊण तासाच्या कामाला सकाळ गेली. दुपारी, ऐन उन्हात, पाड्यावरची सारी पोरे अंगणात गोळा झाली. मुलाने रिमोटचा डावा दांडा पुढे ढकलला. हेलिकॉप्टर वीतभर उडाले, गरगर फिरले आणि धपकन खाली पडले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर पंखे फिरता फिरता मध्येच थांबले. चौथ्या वेळी ते अंगावर आलेल्या कोंबड्यासारखे उसळले आणि घराच्या कारवीच्या कुडावर आपटले. पोरे खो खो हसली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. ते दिसू नये म्हणून तो हेलिकॉप्टर उचलण्यास वाकला, आणि पुष्कळ वेळ वाकलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मोखाड्यास गुरुजींकडे गेला. गुरुजी विज्ञान शिकवीत आणि सुट्टीतही शाळेजवळच राहत. त्यांनी हेलिकॉप्टर हातात घेऊन नीट न्याहाळले आणि पहिला प्रश्न विचारला, “हे उडवलंस कुठं?”

“अंगणात, गुरुजी. दुपारी.”

“मग बिचाऱ्याला तुझं ऐकूच आलं नसेल!” गुरुजी हसून म्हणाले. त्या खेळण्याचा रिमोट अवरक्त किरणांनी आज्ञा देणारा होता. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु सूर्यप्रकाशातही ते विपुल असतात. भर उन्हात रिमोटची आज्ञा म्हणजे जत्रेच्या गोंगाटात कानाशी कुजबुजलेला शब्द. शिवाय वारा होताच. काही तोळ्यांचे ते यंत्र. उघड्यावरच्या वाऱ्यापुढे त्याचा काय पाड लागणार?

गुरुजींनी शाळेची मोठी खोली उघडली, खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला आणि हेलिकॉप्टर सपाट फरशीवर ठेवले. बटण दाबल्यावर त्यांनी मुलाला काही क्षण त्यास हात लावू दिला नाही. यंत्राच्या पोटात गायरोस्कोप नावाचा एक चिमुकला भाग असतो. धड कोणत्या बाजूस वळते आहे हे तो ओळखतो. आरंभी यंत्र निश्चल असेल, तरच ‘स्थिर’ म्हणजे काय हे त्यास कळते. त्या वेळी कोणी ते हलविले, तर त्याचा पायाच चुकतो.

मग त्यांनी पंखे हळूहळू फिरविण्यास सांगितले. उडवायचे नाही, केवळ हलके होऊ द्यायचे. हेलिकॉप्टरचे पाय फरशीवर जेमतेम टेकलेले असताना त्याचे नाक डावीकडे वळू लागले.

या वळण्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पंखा एका दिशेने फिरविला, की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. क्रियेला प्रतिक्रिया असतेच, हा न्यूटनचा नियम येथे फार लवकर प्रत्ययास येतो. नेहमीच्या मोठ्या हेलिकॉप्टरात शेपटीवर बसविलेला लहान पंखा धडाला आवरून धरतो. शिकाऊ मुलांच्या हेलिकॉप्टरात बहुधा निराळी युक्ती असते. एकाच दांड्यावर, एकाखाली एक, असे दोन पंखे असतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. एकाची ओढ दुसरा फेडतो आणि धड जागच्या जागी राहते. धड वळवायचे असेल, तर एक पंखा किंचित अधिक वेगाने फिरवायचा. परंतु कारखान्यातून निघालेल्या दोन मोटरी जुळ्या भावांसारख्या दिसल्या, तरी अगदी एकसारख्या कधीच नसतात. एक थोडी जोरकस, दुसरी थोडी मंद. आणि तेवढ्याने यंत्र आपले आपणच गिरक्या घेऊ लागते.

“नांगराला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक जोरकस असला, तर काय होतं?” गुरुजींनी विचारले.

“नांगर एका अंगाला ओढला जातो.”

“मग तुझा बाप काय करतो? दिवसभर नांगराशी झोंबत बसतो?”

“नाही. जुवाचा दोर बोटभर सरकवतो.”

“बस्स. हीच ती दोराची गाठ,” असे म्हणून गुरुजींनी रिमोटवरच्या दोन लहान कळींवर बोट ठेवले. या कळींना ट्रिमच्या कळा म्हणतात. दांडा मधोमध असतानाही यंत्र सतत एकाच बाजूस वळत असेल, तर विरुद्ध बाजूची कळ एकदा दाबायची. पाहायचे. पुन्हा एकदा दाबायची. घाई करायची नाही. मुलाने उजवीकडची कळ पाच वेळा दाबली तेव्हा नाक जवळजवळ स्थिर झाले. सहाव्यांदा दाबली तेव्हा ते उजवीकडे ढळू लागले. तो एक दाब त्याने मागे घेतला.

यानंतर हेलिकॉप्टर वर चढले. वीतभर उंचीवर ते फार डळमळत होते, कारण त्याच्याच पंख्यांनी खाली लोटलेली हवा फरशीवर आपटून पुन्हा त्याला धक्के देत होती. गुरुजी म्हणाले, “तिथं रेंगाळू नको. कमरेएवढं वर ने, आणि मग परीक्षा कर.” कमरेएवढ्या उंचीवर गेल्यावर ते एकदम शांत झाले. त्याच्या माथ्यावर एक आडवी दांडी होती व तिच्या दोन्ही टोकांना बारीक वजने होती. जोराने फिरणारा भोवरा जसा सहजी कलत नाही, तशी ती दांडी आपली पातळी सोडीत नाही आणि पंख्याला तोल राखण्यास साहाय्य करते.

एकच खोड उरली होती. सारे यंत्र बारीक थरथरत होते. गुरुजींनी पाती तपासली. कुडावर आपटल्यामुळे एका पात्याचा टवका उडाला होता. ते दुसऱ्यापेक्षा हलके झाले होते. त्यांनी त्या हलक्या पात्याच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा चिकटपट्टीचा तुकडा लावला. थरथर निम्मी झाली. तुकडा आणखी थोडा वाढविला, तेव्हा ती जवळजवळ नाहीशी झाली.

बॅटरी संपल्यावर गुरुजींनी त्याला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १८७८ साली एक गृहस्थ आपल्या दोन मुलांसाठी असेच खेळणे घेऊन घरी आले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते केलेले होते आणि पिळलेल्या रबराच्या जोरावर ते छतापर्यंत उडे. पुढे ते मोडले, तेव्हा मुलांनी स्वतः तशी खेळणी बनविली. मात्र जसजशी ती मोठी केली, तसतशी ती उडेनाशी झाली. ही मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. विमान उडण्यास १९०३ साल उजाडावे लागले. मुलाला गोष्ट आवडली. पण त्याच्या मनात सर्वांत अधिक राहिले ते हे, की त्यांनाही खेळणे बापानेच आणून दिले होते.

आता घरात रोज सायंकाळी दार लावून हेलिकॉप्टर उडू लागले. बहीण कोपऱ्यात बसून पाही. तिला त्यास हात लावण्याची बंदी होती, आणि ती बंदी तिने अक्षरशः पाळली. हेलिकॉप्टर तिच्या पायाशी येऊन पडले, तरी ती पाय आखडून घेई, पण उचलीत नसे.

एका दुपारी मुलाला वाटले, यंत्रात वैमानिक नाही हे शोभत नाही. जव्हारच्या राजघराण्यातील यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात कामगिरी केली होती, हे त्याने शाळेत ऐकले होते. असा ऐटबाज वैमानिक आपल्याही हेलिकॉप्टरात हवा! त्याने ओढ्याकाठची चिकणमाती आणली, शेंगदाण्याएवढा वैमानिक घडविला, त्याला काडीने डोळे कोरले आणि वाळल्यावर पुढच्या काचेआड डिंकाने चिकटविला. वैमानिक खरोखरीच देखणा दिसत होता.

त्या सायंकाळी हेलिकॉप्टर वर उठले आणि तडक पुढे धावत जाऊन भिंतीवर आदळले. मुलाने दांडा सोडला, तरी ते पुढेच पळे. त्याने ट्रिमची कळ दाबली. उपयोग नाही. पुन्हा पुन्हा दाबली, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. तेव्हा पुढे पळणे तर थांबले नाहीच, उलट पहिल्या दिवसासारख्या गिरक्या सुरू झाल्या. आठ दिवसांची मेहनत मातीमोल झाली होती.

मुलगा बहिणीकडे वळला.

“तूच पाडलंस! मी नदीवर गेलो होतो तेव्हा तूच घेतलंस!”

“नाही, दादा.”

“खोटं बोलू नको. काल चांगलं होतं. आज आपोआप बिघडलं का?”

तिने पुन्हा नाही म्हटले नाही. ती उठून आज्याच्या घोंगडीआड जाऊन बसली आणि रात्री जेवली नाही. आईने एकदा हाक मारली. बाप काही बोलला नाही. त्याने केवळ मुलाकडे पाहिले. ते पाहणे मुलाला फार जड गेले. वस्तू मोडल्याचे दुःख त्या नजरेत नव्हते.

सकाळी आज्याने नातवाला जवळ बोलावले. आज्याला ना मोटर ठाऊक, ना अवरक्त किरण. त्याने विचारले, “हे पुढंच पळतंय, होय?”

“होय. कळ दाबून दाबून दमलो.”

“डोलीत माणूस पुढं घसरला, की पुढल्या गड्याचा खांदा दबतो, आणि तो नको असता पुढं पुढं ओढला जातो. तवा काय गड्याला रागवायचं? माणूस मागं घ्यायचा.” आज्याने कनवटीचा दोरा काढला. “वरून टांग बघू याला.”

मुलाने दोरा पंख्याच्या दांड्याला, अगदी माथ्याशी, बांधला आणि हेलिकॉप्टर लोंबकळत धरले. ते हेलकावे खाऊन स्थिर झाले. त्याचे नाक खाली झुकले होते, शेपटी वर गेली होती. आणि काचेआडून मातीचा वैमानिक दोन कोरलेल्या डोळ्यांनी जमिनीकडे पाहत होता.

मुलगा काहीच बोलला नाही. त्याला एका क्षणात सारे उमगले. यंत्राचे सारे वजन जेथे एकवटल्यासारखे असते, त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. तो पंख्याच्या दांड्याच्या बरोबर खाली हवा. वैमानिकाने तो पुढे ओढून नेला होता. नाक झुकले, पंखे पुढे कलले आणि कललेल्या पंख्यांनी यंत्र पुढे खेचले. ट्रिमची कळ तेथे काय करणार? ती धडाचे वळणे सुधारणारी. वजन तिच्याने हलत नाही. एका दोषावरचे औषध दुसऱ्या दोषावर ओतल्यामुळे जे ठीक होते तेही बिघडले होते. आणि वैमानिक तर त्याने स्वतःच बसविला होता.

येथे एका थोर माणसाची आठवण होते. इगोर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी आपले हेलिकॉप्टर प्रथम जमिनीवरून उचलले, तेव्हा ते उलटू नये म्हणून दोरांनी बांधून ठेवले होते. पुढे दोर सुटले. यंत्र मागे जाई, बाजूस जाई, पण पुढे जाण्याचे काही केल्या मनावर घेईना! सिकोर्स्कींनी त्याची रचना पुन्हा पुन्हा बदलली. मोखाड्याच्या पोराचे दुखणे नेमके याच्या उलट होते. मात्र दोघांच्याही यंत्रांनी आपापल्या धन्याला सारखेच छळले.

मुलगा उठला. बहीण घरामागे शेळीला पाला घालीत होती. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. काय बोलावे हे त्याने वाटेत जुळविले होते; पण तेथे पोहोचल्यावर त्याला एवढेच म्हणता आले, “तू पाडलं नव्हतंस. वैमानिक जड झाला होता.”

तिने शेळीकडेच पाहत विचारले, “मग आता त्याला काढून टाकणार?”

“हो.”

“नको,” ती म्हणाली. “त्याचा काय दोष? त्याला मागं बसव.”

मग दोघे आज्याच्या पुढ्यात बसली. दोरा बहिणीने धरला. हेलिकॉप्टरला हात लावण्याची तिची ही पहिलीच वेळ होती, म्हणून तिने दोरा दोन्ही हातांनी धरला होता. मुलाने वैमानिक सोडविला आणि त्याची बरीचशी माती खरवडून काढली; बिचाऱ्याचे पाय गेले, हात गेले, केवळ डोके आणि खांदे उरले. ते त्याने पंख्याच्या दांड्याखाली, पोटाशी चिकटविले. नाक अजूनही केसभर खाली होते. त्याने बॅटरी चिकटपट्टीतून सोडवून किंचित मागे सरकविली. आता शेपटी खाली गेली. पुन्हा थोडी पुढे. आज्याने एक डोळा मिटून समोरच्या उंबऱ्याच्या रेघेशी हेलिकॉप्टरची रेघ ताडून पाहिली आणि मान हलविली.

त्यानंतर ट्रिम पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली. मुलाने कळ आधी मधोमध आणली आणि गुरुजींनी शिकविल्याप्रमाणे एकेक दाब मोजीत गेला. या खेपेस पाच नव्हे, चारच दाब लागले. तसे का, याचा विचार तो पुष्कळ दिवस करीत राहिला.

सायंकाळी दार लावून घेतले. आईने चुलीवरचा तवा उतरविला आणि धूर थोडा निवू दिला. बाप भिंतीला टेकून बसला होता. हेलिकॉप्टर उठले, वीतभर उंचीवर डळमळले, कमरेएवढ्या उंचीवर आले आणि तेथे थांबले. खरोखरीच थांबले. मुलाने दांड्यावरचा उजवा हात काढून घेतला. तरीही ते तेथेच होते, चुलीच्या तांबूस उजेडात गुणगुणत, पोटाशी बिनहातापायांचा वैमानिक घेऊन.

त्याने ते सावकाश खाली उतरविले आणि रिमोट बहिणीच्या हातात दिला.

तिने बापाकडे पाहिले, आज्याकडे पाहिले, आणि दांडा पुढे ढकलला. पहिल्यांदा ते नुसतेच उसळून पडले. दुसऱ्यांदा ते वर गेले आणि तरंगत राहिले. मुलगा हात पुढे करून उभा होता, पण त्याने रिमोटला स्पर्श केला नाही. थोड्या वेळाने बॅटरी उतरू लागली, तशा दोन मोटरींच्या चाली पुन्हा बदलल्या आणि लाल नाक हळूहळू डावीकडे वळू लागले. कोणी काही सांगण्यापूर्वीच तिने अंगठ्याने उजवीकडची कळ एकदा दाबली, आणि वाट पाहिली.